करडी कोळंबी

शुक्रवारी संध्याकाळी ईमेल आला:
सोमवारी, साडेआठ, मागचं दार, बेल दोनदा.
नखं कापलेली असावीत. अत्तर नको.
खाली सही, डॉ. वेरलिंडन, कागद-दुरुस्ती विभाग.
मी 'नखं'पाशी अडकले,
दोन्ही हात दिव्याखाली धरून पाहिले.
उजवा किंचित थरथरतो. परीक्षेपासून.
नाही, त्याच्याही आधीपासून,
पण मी परीक्षेवर ढकलते.

घेंटमध्ये आल्यापासूनचे सगळे शनिवार
मी असेच कुठेकुठे खर्चून टाकले.
दहा फेऱ्यांचं तिकीट आहे माझं,
गावाचं नाव आपणच पेनाने लिहायचं:
ब्रुझ. लूव्हेन. नामूर.
एकदा द पान, डोळा लागला आणि गाडी संपली तिथे.
ओळीओळीने माझं अक्षर बिघडत गेलंय,
कुणालाही वाटेल, ही मुलगी गाडी सुटताना लिहिते.
खरंच आहे ते.

केतेवान म्हणाली, घरात बसून हात काय बघतेस,
समुद्रावर जा.
तिची स्वतःची इंटर्नशिप तीन आठवड्यांत संपली,
कुणी संपवली ते ती विचारू देत नाही.

ओस्टेंडला वारा असा
की तोंडातून सुटलेलं वाक्य परत घेता येत नाही.
मासळीच्या टपऱ्यांमागे उभी राहून मी घोकत होते:
सुप्रभात, मी नवी प्रशिक्षणार्थी,
मला जपानी कागद तंतू राखून फाडता येतो,
मला गव्हाची खळ शिजवता येते,
मला...
आणि दर वेळी तिथेच गाडं रुतायचं.

"काय विकतेस गं?" टपरीतल्या म्हातारीने विचारलं.
म्हटलं, मला स्वतःला.
"काय भाव?"
म्हटलं, सहा महिने फुकट.
"मग गिऱ्हाइकाला कसली भितेस," ती म्हणाली,
"त्यानेच भ्यावं."

तिचं नाव खोदेलीव, पण ती म्हणते होदेलीव.
इथली माणसं 'ख'च्या जागी 'ह' म्हणतात
आणि खरा 'ह' खाऊन टाकतात.
मी हरगुडे सांगितलं, तिने अरहुडे केलं,
आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच
कुणीतरी माझं नाव न अडखळता, चुकीचं म्हटलं.

तिने करड्या कोळंब्यांचा ढीग पुढ्यात सरकवला.
बोटाच्या पेराएवढ्या, बोटीवरच उकडलेल्या.
डोकं इकडे, शेपूट तिकडे,
मधल्या कड्यापाशी जरासा पीळ. ओढायचं नाही.
माझी पहिली तुटली. दुसरी तुटली.
सातवीचं मांस अर्धं कवचातच राहिलं.
माझा हात थरथरतो, मी सांगून टाकलं,
या देशात पहिल्यांदा, एका मासेवालीला.
तिने बघितलंही नाही.
"कोळंबीला काय कळतंय," म्हणाली,
"आणि माझा नाही का थरथरत?"
थरथरत होता. माझ्यापेक्षा जास्त.
तरी तिच्या वाडग्यात अख्ख्या होत्या सगळ्या,
माझ्यात नुसता चुरा.
चुऱ्याचे पैसे तिने घेतले, पुरते घेतले.

परतीच्या गाडीत खिडकीवर मीठ होतं.
समोरचा मुलगा पिशवी उचलून दुसऱ्या डब्यात गेला,
तेव्हा लक्षात आलं, वास मला येतोय.
मग लिंबू झालं, साबण झाला, केतेवानची कॉफी झाली.
नखं कापली, मुळापर्यंत, आग होईतो.

सोमवारी बेल दोनदा वाजवायची होती,
मी तीनदा वाजवली.
डॉ. वेरलिंडन उंच, बारीक, चष्मा कपाळावर.
पाठ केलेलं सगळं मी सांगितलं,
'मला' या शब्दापाशी थांबले,
आणि या वेळी पुढचं काही सुचलंच नाही,
म्हणून तिथेच पूर्णविराम दिला.

टेबलावर पुरात भिजलेली एक वही होती,
पानं एकमेकांना घट्ट धरून बसलेली.
मी वाकले. बाईंनी हवेत नाक फिरवलं.
"ओस्टेंड?"
मी मान हलवली.
"माझी आई तिथली," त्या म्हणाल्या.
जरा वेळ वहीकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या,
"हात पुन्हा धुवून या."

बेसिनपाशी मी नळ सोडला, मोठा.
धारेखाली बोटं धरली तर
काय थरथरतंय ते कळत नव्हतं,
पाणी की मी.